एकदाच काय ते कायमचं करून टाका

(एका व्याख्यानमालेत त्वचारोगतज्ज्ञ वक्त्या बोलल्या, त्याचं हे संपादित शब्दांकन.)

नमस्कार. पत्रिकेत आजचा विषय छापलाय ‘सौंदर्यचिकित्सेतील फिलर्स : काल, आज आणि उद्या’. हे शीर्षक संयोजकांचं. मी फोनवर सुचवलं होतं ‘एकदाच काय ते कायमचं करून टाका’. तर ते म्हणाले, मॅडम, लोकांना वाटेल तेराव्यावर भाषण आहे. असो. बोलणार मात्र मी त्या वाक्यावरच आहे, कारण माझ्या दवाखान्यात ते रोज ऐकू येतं. गाल भरून घ्यायला आलेली व्यक्ती पहिलं विचारते, ‘किती टिकेल?’ मी सांगते, नऊ महिने, वर्ष, फार तर दीड वर्ष. लगेच चेहरा पडतो. ‘म्हणजे दर वर्षी पैसे? त्यापेक्षा डॉक्टर, दोन पैसे जास्त घ्या, पण एकदाच काय ते कायमचं करून टाका ना.’

माझं म्हणणं असं, की गेल्या सव्वाशे वर्षांत ह्या क्षेत्रात जे जे वाटोळं झालं, ते बहुतेक टिकाऊ मालाने झालं. आणि जे भलं झालं, ते न टिकणाऱ्या मालाने. हे सिद्ध करायला मला पाऊण तास दिलाय. बघू जमतंय का.

सुरुवातीलाच एक गाऱ्हाणं. लग्नाच्या हॉलमध्ये कुणाचे ओठ जाड दिसले की शेजारची बाई कुजबुजते, ‘बोटॉक्स केलंय.’ अहो, बोटॉक्सने ओठ जाड होत नाहीत! बोटॉक्स हे स्नायूला सैल करणारं औषध. कपाळाला आठी घालणारा स्नायू आळसावला की आठी पडत नाही, एवढंच त्याचं काम. त्यात भरणं-बिरणं काही नाही. फिलर म्हणजे भरण. जिथे खड्डा आहे, जिथे मांस ओसरलंय, तिथे सुईने काहीतरी आत घालायचं. दोन्ही सुईने देतात एवढंच साम्य. हे मी इतक्या वर्षांत इतक्या जणांना सांगितलंय, की आता घरचेही ऐकत नाहीत.

दुसरं असं, की पुण्यात चेहऱ्याच्या दुरुस्तीवर बोलायचं आणि कावसजीचं नाव घ्यायचं नाही, तर मला चहा मिळणार नाही. गोष्ट तुम्हाला माहीत आहे. इंग्रजांच्या फौजेतला मराठा गाडीवान, १७९२ च्या लढाईत टिपूच्या ताब्यात सापडला, नाक गेलं, एक हात गेला. पुढे पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या एका कुंभाराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ते समोर उभं राहून पाहिलं, आणि १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याचा वृत्तांत चित्रासकट छापून आला. इथवर सगळे सांगतात, मग टाळ्या होतात आणि वक्ता सुश्रुताकडे वळतो. मला त्या वृत्तांतातला एक बारकावा आवडतो. त्या कुंभाराने आधी मेणाचा पातळ पत्रा घेतला, तो नाकाच्या थोटकावर बसवून नाकाचा आकार दिला, मग तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेने रेघ मारली. तेवढीच कातडी सोडवली. मेणाचं काम संपलं, मेण बाजूला.

हे मेण लक्षात ठेवा. पुण्यात ते मोजमापापुरतं चेहऱ्याच्या बाहेर राहिलं. शंभर वर्षांनी व्हिएन्नात एका हुशार माणसाने ते आत घातलं, आणि तिथून आपली गोष्ट सुरू होते.

खरं तर त्याच्या थोडं आधी, १८९३ साली, नॉयबर नावाच्या जर्मन सर्जनने दंडातली चरबी काढून चेहऱ्यावरच्या खड्ड्यात भरली होती. तो खड्डा सौंदर्याचा नव्हता, क्षयाचा होता. हाडाचा क्षय बरा झाला की कातडी हाडाला चिकटून खोलगट व्रण राहायचा, आणि तो बघून लोकांना कळायचं की ह्या घरात क्षय आहे. लग्नं मोडायची. आपल्याकडेही मोडायची, हे तुमच्यातल्या पांढऱ्या केसांना सांगायला नको. नॉयबरच्या लक्षात आलं, की चरबीचे छोटे तुकडे जगतात, मोठे जिरून जातात. म्हणजे भरलेलं टिकत नाही ही तक्रार पहिल्या दिवसापासूनची.

तेव्हा न जिरणारं काय, ह्याचा शोध सुरू झाला. १८९९ साली व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनीकडे एक तरुण होता. क्षयामुळे त्याची दोन्ही वृषणं काढावी लागली होती. (पुढच्या रांगेतल्या आजींनी कान झाकले तरी चालेल. नाही झाकणार? छान.) रिकामी पिशवी, तरुण वय, मन खचलेलं. गेर्सुनीने व्हॅसलीन, म्हणजे मऊ मेणच, पातळ केलं आणि पिचकारीने त्या पिशवीत सोडलं. गार झाल्यावर आत गोळी तयार. आज ज्याला आपण लिप फिलर, चीक फिलर म्हणतो, त्या सगळ्या ऐटबाज धंद्याचा मूळपुरुष हा बिचारा. यश आलं, म्हणून गेर्सुनी नाकाकडे वळला. उपदंशाने, म्हणजे सिफिलिसने, नाकाचं हाड झडून मधोमध खोगिरासारखं बसलेलं नाक, हा तेव्हाच्या युरोपातला चारचौघांत ओळखू येणारा डाग. एका टोचणीत नाक सरळ! कापाकापी नाही, कपाळावर व्रण नाही. दोन-चार वर्षांत हे युरोप-अमेरिकेभर पसरलं.

अडचण तापमानाची होती. व्हॅसलीन अंगाच्या उष्णतेनेच पाघळतं. म्हणून बर्लिनच्या एकस्टाइनने जास्त तापमानाला वितळणारं कडक मेण, पॅराफिन, आणलं. ते टोचणं ही कसरतच. मेण कढत, पिचकारी कढत, तरी सुईच्या टोकाशी गार लागलं की गच्च बसायचं. मेण आत जात असताना नाकाच्या दोन्ही बाजू मदतनिसाने बोटांनी दाबून धरायच्या, नाहीतर ते पापणीत शिरायचं. आणि १९०३ सालीच अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात नोंद छापून आली : नाकात पॅराफिन टोचल्यावर दोन्ही डोळे गेले. हे साल पुढे पुन्हा लागेल.

आता माझी लाडकी गोष्ट. घड्याळ मला दिसतंय, पण ही सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

ग्लॅडिस डीकन. जन्म १८८१, पॅरिस, आईवडील अमेरिकन, पैसा भरपूर. रूप असं की युरोपातले लेखक, शिल्पकार, सरदार सगळे हिच्याभोवती. निळे डोळे तर दंतकथाच झालेले. बाईला एकच खंत : प्राचीन ग्रीक पुतळ्यांचं नाक कपाळापासून एका रेषेत खाली येतं, तसं आपलं येत नाही. भुवयांच्या मधे किंचित दाबलेलं आहे. किंचित! बरं, असमाधान असं तपशीलवार, की रोममध्ये संग्रहालयांत जाऊन पुतळ्यांच्या नाकांची मापं घेतल्याची आख्यायिका आहे. १९०३ च्या सुमारास, वय बावीसच्या आसपास, तिने नाकाच्या मुळाशी पॅराफिन टोचून घेतलं.

इथे जरा थांबू या. क्षयाचा व्रण असलेल्याला, उपदंशाने नाक बसलेल्याला कायमचं हवं असतं, हे मला समजतं. आजाराची खूण पुसायची असेल तर ती पुन्हा उगवू नये. पण ह्या मुलीला काय झालं होतं? काही नाही. तिने रोग्यांसाठी काढलेला उपाय निरोगी चेहऱ्याला लावला, आणि ‘कायमचं’ हा हट्टही त्याबरोबर उचलला. फिलरच्या इतिहासात हा सांधा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मागणी हौसेची झाली, पण अपेक्षा रोग्याचीच राहिली.

पुढे काय झालं? आधी सूज, मग नाकावरच्या कातडीचा रंग बिघडला, मग मेण सरकू लागलं. वर्षांमागून वर्षं ते खाली खाली उतरत हनुवटीपर्यंत गेलं आणि जबड्यापाशी गाठी झाल्या. १९२१ साली ती मार्लबरोच्या नवव्या ड्यूकची दुसरी बायको झाली, इंग्लंडमधल्या ब्लेनहाइम राजवाड्याची मालकीण. लग्न काही धड चाललं नाही. तिने राजवाड्यात स्पॅनिएल कुत्रे पाळले, इतके की दिवाणखान्यांची रया गेली. शेवटची वर्षं एकांतात, मग मनोरुग्णालयात गेली, आणि १९७७ साली नव्वदी ओलांडून ती वारली. ब्लेनहाइमला गेलात तर मुख्य दरवाज्याच्या पोर्टिकोत उभं राहून वर बघा. छतावर भलेमोठे निळे डोळे रंगवलेत. ते तिचे, १९२८ साली रंगवलेले. नाक कुणी रंगवलं नाही.

मेणाचं नेमकं काय बिनसतं, ते दोन वाक्यांत. शरीराला ते पचवता येत नाही आणि बाहेरही टाकता येत नाही. मग पेशी त्याच्याभोवती गोळा होतात, भिंत बांधतात, भिंतीवर भिंत, आणि कधी पाच तर कधी वीस वर्षांनी टणक गाठ वर येते. पॅराफिनोमा. पहिल्या महायुद्धाच्या आसपास शहाण्या डॉक्टरांनी हे सोडून दिलं. म्हणजे धडा मिळालाच होता.

पण दुसऱ्या महायुद्धानंतर पातळ सिलिकॉन आलं, आणि तोच खेळ पुन्हा. जपानमध्ये अमेरिकन सैनिकांच्या पसंतीला उतरण्यासाठी बायकांच्या स्तनांत सिलिकॉन टोचलं जाऊ लागलं, तेही अनेकदा कारखान्यातलं. तिथून ते अमेरिकेत, लास वेगासच्या नर्तिकांकडे. प्रत्येक वेळी जाहिरात तीच : हे रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय आहे, शरीराला कळतही नाही. शरीराला सगळं कळतं, फक्त ते सावकाश उत्तर देतं. गाठी, जखमा, फुप्फुसात गेलेले थेंब. नेवाडा राज्याने १९७० च्या दशकात हे टोचणं गुन्हाच ठरवलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, चेहरा भरण्यासाठी पातळ सिलिकॉनला आजतागायत मान्यता दिलेली नाही.

आणि तरीही ते चालू आहे. लांब नको, आपल्याच शहरात. माझ्याकडे एक ताई आल्या, पंचेचाळिशीच्या. वरच्या ओठात वाटाण्याएवढे टणक गोळे, हसल्या की एक बाजू वरच चढत नव्हती. विचारलं, काय घातलं होतं? त्यांनी पर्समधून वहीचं फाडलेलं पान काढलं. त्यावर निळ्या पेनाने लिहिलेलं : ‘लिप – परमनंट’, खाली रक्कम, खाली ‘पेड’. बस. कंपनी नाही, बॅच नंबर नाही, औषधाचं नाव नाही. कुठल्या पार्लरमध्ये ते मी सांगणार नाही, आणि तुम्ही चहाच्या वेळी विचारूही नका. तुकडा तपासायला पाठवला, तर ऊतींत गोल गोल रिकाम्या पोकळ्या आणि भोवती पेशींचं कडं. सिलिकॉनचा हा नेहमीचा नमुना. त्या म्हणाल्या, ‘मग काढून टाका ना.’ काढणार कसं? ते एका जागी पिशवीत बसलेलं नसतं, ओठाच्या मांसात थेंबाथेंबाने भिनलेलं असतं. सगळं काढायचं तर ओठच काढावा लागेल. स्टेरॉइडची इंजेक्शनं देऊन गोळे मऊ केले, एक मोठा होता तो कापला. बाकीचं आता त्यांच्यासोबत. ‘परमनंट’ शब्द खोटा नव्हता, हे मला मान्य करावंच लागलं.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे’. बरं.

१९८१ साली एफडीएने पहिल्यांदा चेहऱ्यासाठी एका फिलरला परवानगी दिली. झायडर्म, कॅलिफोर्नियातलं. कोलॅजेन, म्हणजे कातडीला घट्टपणा देणारं प्रथिन, गाईच्या कातडीतून काढलेलं. चुळबुळ झाली ती ऐकू आली मला. शंभरातल्या साधारण तिघांना त्याची ॲलर्जी निघायची, म्हणून आधी हातावर चाचणी घेऊन चार आठवडे थांबावं लागायचं. एवढं करून टिकायचं तीन-चार महिने. लोक वैतागले. पण बघा, गाठींची साथ आली नाही. शरीराने ते खाल्लं आणि विषय संपला.

मग हायलुरॉनिक आम्ल, एक जेलीसारखा पदार्थ. हे आपल्या सगळ्यांच्या अंगात आहे, मोठ्या माणसात सुमारे पंधरा ग्रॅम, आणि त्यातला तिसरा हिस्सा शरीर रोज मोडतं आणि नवा बनवतं. १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर ह्यांनी ते गाईच्या डोळ्यातल्या जेलीतून वेगळं केलं. पुढे एन्द्रे बालाझने ते कोंबड्याच्या तुऱ्यातून शुद्ध स्वरूपात काढलं, आणि १९८० च्या सुमारास ते डोळ्यांच्या ऑपरेशनमध्ये आलं. मोतीबिंदू झालेल्यांनी हात वर करा. वा, अर्धं सभागृह! तुमच्यातल्या काहींच्या डोळ्यात लेन्स बसवताना हेच जेल घातलेलं असणार. स्वस्तातलं दुसरंही एक असतं, म्हणून ‘काहींच्या’ म्हटलं. आणि गुडघ्यात ‘वंगणाचं इंजेक्शन’ घेतलेले? तेही हेच. तेव्हा फिलरवाल्या बायकांना हसू नका, तुम्हीही त्याच गोत्राचे. कोंबड्याचा तुरा ऐकून ज्यांचं तोंड वाकडं झालं त्यांच्यासाठी : आता ते जिवाणूंकडून टाक्यांमध्ये तयार करून घेतात.

नुसतं टोचलं तर ते एक-दोन दिवसांत जिरतं. म्हणून त्याच्या लांब साखळ्या एकमेकींना रासायनिक टाके घालून जोडतात. लोकरीचे सुटे धागे आणि विणलेला स्वेटर, एवढा फरक पडतो. स्वीडनच्या उप्साला गावात हे तंत्र बसवलं गेलं, १९९६ साली रेस्टिलेन नावाचं असं फिलर युरोपात आलं आणि डिसेंबर २००३ मध्ये अमेरिकेत. तिथून कोलॅजेनचे दिवस भरले.

२००४ सालाबद्दल मला अर्धा तास बोलायचं होतं, ते दोन मिनिटांत सांगते. आपल्या मुंबईच्या सिप्लाने २००१ मध्ये एचआयव्हीची तीन औषधांची मात्रा दिवसाला डॉलरच्याही आत देऊ केली आणि जगातल्या गरिबांचा जीव वाचला. त्या तीन औषधांत एक होतं स्टॅव्हुडिन. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारने मोफत उपचार सुरू केले, त्यातही ते होतं. जीव वाचायचा, पण काही जणांच्या गालातली चरबी वितळायची. गालफडं आत, कानशिलं खोल. ओळखणाऱ्याला लांबून ओळखू यायचं. त्याच २००४ च्या ऑगस्टमध्ये एफडीएने स्कल्प्ट्रा नावाच्या फिलरला मान्यता दिली, खास ह्याच रुग्णांच्या गालांसाठी. विरघळणारे टाके ज्या जातीच्या पदार्थाचे, त्याच जातीचा हा पदार्थ. तो स्वतः जिरतो आणि जाता जाता शरीराकडून थोडं कोलॅजेन बनवून घेतो. दोन वर्षांनी कॅल्शियमवालं रेडिएस आलं, तेही आधी ह्याच कामासाठी आणि हसण्याच्या रेषांसाठी. आमच्या ओपीडीत गोळ्यांनी वाचलेली माणसं यायची, गाल घेऊन. फुकट गोळ्या होत्या, पण गाल भरायचं इंजेक्शन कुणाच्या खिशाला परवडणार? २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्टॅव्हुडिन हळूहळू बंद करा असं सांगितलं, तेच खरं औषध ठरलं. क्षय, उपदंश, एचआयव्ही. ज्यांच्या चेहऱ्यावर आजार लिहिलेला होता त्यांच्यासाठी ही सुई आधी हलली, आणि बाजार नंतर आला.

पाच मिनिटं? तीन? बरं, आता मुद्दा.

टिकाऊ माल का नको? एक कारण गाठी, ते झालं. दुसरं असं, की चेहराच टिकाऊ नाही. वयाबरोबर जबड्याचं, डोळ्याभोवतीचं हाड झिजतं, चरबीचे कप्पे आक्रसतात आणि खाली सरकतात. तिशीत मापात भरलेला कायमचा गाल पन्नाशीत चुकीच्या जागी असतो.

तिसरं कारण सर्वांत मोठं. १९०३ मधला तो अपघात आजही होतो. नाकाच्या आणि भुवयांच्या मधल्या भागातल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या आहेत. सुई चुकून रक्तवाहिनीत गेली आणि दाबाने भरलं, तर माल उलटा जाऊन दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा तोडतो. हातात तास-दीड तास, आणि तेवढ्यातही डोळा परत येईलच असं नाही. कातडीची वाहिनी तुंबली तर मात्र वेळ मिळतो, आणि तिथे हायलुरॉनिक आम्लाचा खरा गुण दिसतो : त्याला उतारा आहे. हायलुरॉनिडेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, टोचलं की ते विणकाम उसवतं, तासाभरात कातडीचा रंग परतू लागतो. हे विकर बरेचदा वळूच्या किंवा मेंढ्याच्या वृषणातून काढतात. गेर्सुनीच्या त्या पेशंटला हे कळलं असतं तर तो हसला असता की रडला असता, देव जाणे. आपल्याकडे ते डोळ्यांचे डॉक्टर भूल देताना कधीपासून वापरताहेत. मेणाला, सिलिकॉनला, कॅल्शियमला, स्कल्प्ट्राच्या जातीच्या फिलरला असा उतारा नाही.

माझ्या विरोधात जाणारी एक गोष्ट सांगायलाच हवी. अलीकडे एमआरआय काढून बघितलं, तर काहींच्या चेहऱ्यात हायलुरॉनिक आम्लही दोन वर्षांनी, त्याहूनही पुढे, तसंच बसलेलं सापडतं. ‘वर्षभरात जिरतं’ हे आम्ही डॉक्टर फार सहज बोलतो. म्हणून दर वर्षी डोळे मिटून नवं भरायचं नाही. आधीचं किती उरलंय ते बघायचं. सुजलेल्या उशांसारखे जे चेहरे तुम्ही पडद्यावर बघता, ते बरेचदा असे थरावर थर चढून झालेले असतात.

तेव्हा कुणी करून घेणारच असेल, तर खोक्यावरचं नाव आणि बॅच नंबर वाचा, त्याचा फोटो काढून ठेवा. डॉक्टरला विचारा, हायलुरॉनिडेज तुमच्या फ्रिजमध्ये आत्ता आहे का? ‘मागवता येईल’ म्हणाले तर उठा. टोचल्यावर कातडी पांढरी पडली, जाळीसारखी निळसर झाली, किंवा वाढती कळ आली, तर सकाळची वाट बघू नका, त्याच क्षणी फोन करा. नजर अंधुक झाली तर फोनही नको, सरळ डोळ्यांच्या मोठ्या रुग्णालयात.

घंटा झाली. नॉयबरची चरबी राहिली. ती आता पोटातून शोषून गालात भरतात आणि पुन्हा मोठ्या दिमाखात परतली आहे. त्यावर पुढच्या वर्षी बोलते, बोलावलंत तर.